बीव्हर्स-डक्सची मॅच परत आणा: ओरेगनमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हिल्सबरो, बीव्हर्टन, सेलम, कॉर्व्हालिस, यूजीन, जिथे कुठे असाल तिथल्या सगळ्या मराठी बीव्हर्सना (म्हणजे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांना) आणि डक्सना (युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनवाल्यांना) हे पत्र आहे. ऑगस्ट संपत आलाय, कॉलेज फुटबॉलचा सीझन तोंडावर आहे आणि सध्या चार माणसं भेटली की हाच विषय चालू होतो, मग ते कुणाच्या घरामागचं बार्बेक्यू असो नाहीतर गणपतीच्या कार्यक्रमाची मीटिंग. डक्सवाले म्हणतात यंदा नॅशनल चॅम्पियनशिप घेऊनच येणार, बीव्हर्सवाले नवीन कोच जमार्कस शेपर्ड टीम कशी उभी करणार यावर तासतास बोलतायत, बीव्हर्सच्या नवीन पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) बॉइझी स्टेट जड जाईल की सॅन डिएगो स्टेट यावर वाद, कुणाची सीझन तिकिटं कुठल्या स्टँडची, टेलगेटला (मॅचआधीच्या पार्किंगमधल्या पार्टीला) गाड्या कुठे लावायच्या, वडापाव कोण आणणार. मी पण या गप्पांमध्ये असतो आणि मला त्या मनापासून आवडतात. पण या सगळ्यात एक गोष्ट कुणीच काढत नाहीये आणि मला ती रोज टोचतेय.

यंदा ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट मॅच नाहीये. सप्टेंबरमध्ये नाही, नोव्हेंबरमध्ये नाही, कुठेच नाही.

१९४५ पासून ही मॅच एकही वर्ष चुकली नव्हती. कोविडच्या वर्षीसुद्धा, २०२० मध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना पण झाली होती आणि बीव्हर्सनी ती ४१-३८ अशी काढली होती. याआधीचा खंड पडला तो १९४३ आणि १९४४ मध्ये, आणि तेव्हा कारण होतं दुसरं महायुद्ध, खेळणारी पोरंच सैन्यात गेली होती. यंदाचं कारण काय, तर शेड्यूलमध्ये जागा नाही. हे वाचून तुम्हाला काहीच वाटत नसेल तर पुढचं वाचू नका, पण मला खात्री आहे की वाटेल, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी त्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडताना बघितलंय.

जे पुण्या-मुंबईहून वाचत असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल आणि हेल्मेटवालं. कॉलेजची टीम रेग्युलर सीझनमध्ये फक्त १२ मॅच खेळते, त्यातल्या सहा-सात घरच्या मैदानावर, म्हणजे वर्षातले सहा-सात शनिवार, बास. ओरेगन स्टेट म्हणजे बीव्हर्स, कॉर्व्हालिस गावात, केशरी-काळा रंग. युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगन म्हणजे डक्स, यूजीनमध्ये, हिरवा-पिवळा. दोन्ही एकाच राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिट्या, दोन गावांमध्ये अंतर जेमतेम ६५-७० किलोमीटर. १८९४ साली पहिल्यांदा खेळल्या, ओरेगन स्टेट १६-० जिंकलं (तेव्हा ते शेतकी कॉलेज होतं), आणि गेल्या वर्षापर्यंत १२९ मॅच झाल्या. मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की अख्ख्या गावात दुसरा विषय नसतो, आणि उद्या कुणी म्हणालं की यंदा बाकी सगळ्यांशी खेळा पण तुम्ही दोघं एकमेकांशी खेळू नका, तर कोल्हापूर ऐकून घेईल का?

आता हे झालं कसं ते नीट बघूया, कारण आपल्यातच बरेच गैरसमज आहेत आणि बऱ्याच जणांना वाटतं की एका बाजूने रागाने मॅच बंद केली. तसं नाहीये. दोन्ही टीम १९१५ पासून एकाच परिवारात होत्या, पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणून सुरू झालेलं आणि शेवटी पॅक-१२ झालेलं. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केलं. मग टीव्हीचा करार होईना, २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, यूटा हे बिग ट्वेल्व्हमध्ये. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) अटलांटिकच्या कॉन्फरन्समध्ये गेले, आता पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची कॉलेजं अटलांटिकच्या नावाखाली खेळतात. मागे उरले दोघेच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

त्या उन्हाळ्यात कॉर्व्हालिसमध्ये काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल. रीझर स्टेडियमची पश्चिमेची पूर्ण बाजू पाडून नव्याने बांधली होती, सुमारे १६ कोटी डॉलर खर्च करून, आणि त्या नवीन स्टँडची पहिली मॅच ९ सप्टेंबरला. म्हणजे सगळे सोडून गेल्यावर बरोबर महिन्याभराने आपण नवीन स्टँडमध्ये जाऊन बसलो, सगळं झकास, सीट मस्त, स्क्रीन मोठी, आणि आजूबाजूच्या जुन्या लोकांच्या चेहऱ्यावर आनंद पण होता आणि पुढे काय होणार ही काळजी पण. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, साठच्या दशकातले विद्यार्थी. ते त्या दिवशी मॅचपेक्षा जास्त वेळ जुन्या मॅचबद्दलच बोलत होते.

मी डक्सना दोष द्यायला हे लिहीत नाहीये. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरच्या घरातला आहे, ओरेगनला सुरुवातीला त्यातला पूर्ण वाटा पण मिळाला नाही तरी ते गेले, कारण राहिले असते तर काय मिळणार होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर बिग टेनने ओरेगन स्टेटला बोलावलं असतं तर आपण पण एका पायावर तयार झालो असतो. त्यामुळे कोण गेलं, का गेलं हा वाद माझ्यासाठी संपलाय. आता जुलैपासून नवीन पॅक-१२ सुरू झालंय, बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि आपण दोघे जुने, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, फुटबॉलच्या आठ टीम झाल्या, बरं वाटतंय, दोन वर्षं दोन टीमची कॉन्फरन्स म्हणून जगलो त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की कॉन्फरन्स वेगळी झाली म्हणून शेजाऱ्याशी खेळणं थांबायला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये, उदाहरणं ढीगभर आहेत. जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक वेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत, दरवर्षी खेळतात. क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट, तेच. आणि लांब कशाला जायचं, आपल्या वरच्या राज्यात बघा ना. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांची परिस्थिती अगदी डिट्टो आपल्यासारखी, एक बिग टेनमध्ये गेलं, एक मागे राहिलं, राग तितकाच. तरी त्यांनी बसून ॲपल कपचा, म्हणजे त्यांच्या आपसातल्या मॅचचा, २०२८ पर्यंतचा पाच वर्षांचा करार केला. पहिल्याच वर्षी सिएटलला मागे राहिलेलं वॉशिंग्टन स्टेट २४-१९ जिंकलं, दुसऱ्या वर्षी पुलमनला जाऊन वॉशिंग्टनने ५९-२४ असा धुव्वा उडवला, आणि तरीही कुणी म्हणत नाही की आता बंद करा. सिएटलच्या लोकांना जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

मला सगळ्यात जास्त भीती आयोवाच्या उदाहरणाची वाटते. आयोवा आणि आयोवा स्टेट यांची मॅच आज देशातल्या सगळ्यात गाजणाऱ्या मॅचपैकी एक आहे, सप्टेंबरमधला तो शनिवार म्हणजे त्या राज्याचा सणच. पण १९३४ मध्ये ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली १९७७ मध्ये. त्रेचाळीस वर्षं. तेव्हा पण कुणीतरी म्हणालंच असेल की एखाद-दोन वर्षांचा प्रश्न आहे, होईल सुरू. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ ला थांबले ते २०२४ ला भेटले. मिझूरी आणि कॅन्सस २०११ नंतर थेट गेल्या सप्टेंबरमध्ये. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट २०२३ ला शेवटचे खेळले आणि अजून वाट बघतायत. एकदा थांबलेली मॅच आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी मागे लागावं लागतं आणि मधल्या काळात पोरांची एक अख्खी पिढी ती न बघताच कॉलेजमधून बाहेर पडते.

डक्सवाल्या मित्रांचे मुद्दे मी ऐकलेत, सगळे. पहिला मुद्दा शेड्यूलचा. बिग टेनमध्ये नऊ मॅच, बाहेरच्या फक्त तीन, आणि त्या तीन जागा यंदा बॉइझी स्टेट, ओक्लाहोमा स्टेट आणि पोर्टलंड स्टेट यांना गेल्यात, जुने करार आहेत, मोडले तर पैसे भरावे लागतात. मान्य. पण बघा, बॉइझी स्टेट आता आपल्याच पॅक-१२ मधली टीम आहे, म्हणजे पॅक-१२ च्या टीमशी खेळायला अडचण नाहीये. आणि पोर्टलंड स्टेटशी २०२३ मध्ये खेळले होते तेव्हा स्कोअर ८१-७ होता. पोर्टलंड स्टेटबद्दल मला काही वाईट बोलायचं नाहीये, अशा एका मॅचच्या पैशावर छोट्या कॉलेजचं वर्षाचं बजेट उभं राहतं आणि ती पोरं पण जीव तोडून खेळतात. तरी तीन जागांपैकी एक जागा कायमची शेजाऱ्याची असं एकदा ठरवून टाकलं की बाकीच्या दोन जागांमध्ये कुणालाही बसवा ना.

दुसरा मुद्दा म्हणजे मॅच एकतर्फी झाल्यात. २०२४ ला रीझरमध्ये डक्स ४९-१४ जिंकले, गेल्या वर्षी ऑट्झनमध्ये, त्यांच्या स्टेडियमवर, ४१-७, आणि गेला सीझन आपला इतका वाईट गेला की मध्येच कोच बदलावा लागला, मला ते लपवायचं नाहीये. पण या मुद्द्यावर मात्र मी गप्प बसणार नाही, कारण ज्याला या मॅचचा इतिहास माहीत आहे तो असं बोलूच शकत नाही. २०२२ आठवा. पश्चिमेची बाजू पाडलेली, अर्धंच स्टेडियम, तिकडे नुसतं बांधकाम, तिसऱ्या क्वार्टरला ओरेगन ३१-१० ने पुढे, आणि मग आपण नुसतं पळत पळत, बॉल हातात घेऊन धावत, ३८-३४ केलं. माझ्या ओळखीतला एक कट्टर डक्सवाला त्या दिवशी आमच्यासोबत आला होता, मॅच संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग गाडीत म्हणाला की आजवर बघितलेली ही सगळ्यात भारी मॅच. १९६७ आठवा, म्हणजे आपल्यातलं कुणी नव्हतं तेव्हा, पण कॉर्व्हालिसमध्ये अजून लोक काल झाल्यासारखं सांगतात, ओ. जे. सिम्पसन असलेली एक नंबरची यूएससी कॉर्व्हालिसला आली, चिखलात खेळली आणि ३-० हरून गेली. २००८ मध्ये परत तेच, एक नंबरची यूएससी, गुरुवारची रात्र, २७-२१. १९७१ ते १९९८ या सलग २८ सीझनमध्ये ओरेगन स्टेट जिंकण्यापेक्षा जास्त हरलं, आणि त्यानंतर दोनच वर्षांत ११-१ करून फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे सीझननंतरची मानाची मॅच) नोत्र दामला ४१-९ ने धुतलं. डक्सचं पण काही सोन्याचं ताट नव्हतं हो कायम, १९८३ ला दोघांची मॅच ०-० अशी सुटली होती, इतकी वाईट की आजही लोक तिचं नाव काढतात. टीम वर जाते, खाली जाते. गेल्या दोन वर्षांच्या स्कोअरवरून १३० वर्षांची गोष्ट मोडायची?

आणि अंतराचा विचार करा. गेल्या ऑक्टोबरमध्ये डक्स रटगर्सला जाऊन खेळले, म्हणजे न्यू जर्सीत, आपल्या एडिसनच्या अगदी शेजारी, जवळजवळ चार हजार किलोमीटर विमानाने गेले आणि ५६-१० जिंकून आले. एडिसनच्या मराठी लोकांना घरबसल्या डक्स बघायला मिळाले, त्यांचं भलं झालं. पण तासाभराच्या गाडीच्या रस्त्यावर असलेल्या गावात जायला मात्र आता वेळ नाही, हे मला पटत नाही आणि मला वाटतं यूजीनमधल्या बऱ्याच लोकांना पण पटत नाहीये, फक्त ते जिंकतायत म्हणून बोलत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो, की हे मी आपल्या लोकांना का लिहितोय. आपल्यातले बरेच जण म्हणतात की आपण काय बाहेरून आलेले, नोकरी करतो, पोरांना शिकवतो, हा इथल्या लोकांचा विषय. मला हे आता मान्य नाही. आपण इथलेच लोक आहोत. इंटेलमध्ये, कॉर्व्हालिसला एचपीमध्ये, आपली किती माणसं या ओरेगन स्टेटच्या इंजिनिअरिंगमधून गेलीत ते तुम्हालाच माहीत आहे. यूजीनला पारंपरिक इंजिनिअरिंग नाही म्हणून आपली पहिली पिढी जास्त करून कॉर्व्हालिसची. पण आपली पोरं? ती बिझनेसला, जर्नालिझमला, आणखी कशाकशाला यूजीनला जातायत, आणि घराघरात एक बीव्हर एक डक झालेत. माझ्याच घरात आहे. मुलगी पुढच्या महिन्यात यूजीनला जाणार, हिरवा हुडी घेऊन आली, आणि मला सगळ्यात पहिले काय वाटलं तर चला, आता वर्षातून एक दिवस तिच्याशी मस्त भांडता येईल. मग लक्षात आलं की तिच्या पहिल्या वर्षी ती मॅचच नाहीये. तिला त्याचं फार काही वाटत नाहीये, तिने कधी ती मॅच विद्यार्थी म्हणून बघितलीच नाही ना, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आणि या टीमचा इतिहास फक्त गोऱ्या अमेरिकन लोकांचा पण नाहीये. पर्ल हार्बरनंतर १९४२ चा रोझ बोल कॅलिफोर्नियातून हलवून नॉर्थ कॅरोलायनात डरमला खेळवला होता, ओरेगन स्टेटने ड्यूकला त्यांच्याच मैदानावर २०-१६ हरवलं. आजवरचा आपला तो एकमेव रोझ बोल विजय. त्या टीममध्ये जॅक योशिहारा नावाचा जपानी वंशाचा खेळाडू होता, त्याला टीमबरोबर जाऊ दिलं नाही, नंतर छावणीत टाकलं, शिक्षण अर्धवट राहिलं. २००८ मध्ये युनिव्हर्सिटीने अशा विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या, त्याला पण. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रीझरमध्ये बसण्याचा अर्थच माझ्यासाठी बदलला. तो पण बाहेरून आलेल्यांच्यातलाच, आणि टीम त्याची होतीच.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपण लिहूया. दोन्ही युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांना आणि दोन्हीकडच्या ॲथलेटिक डिपार्टमेंटला. ओरेगन स्टेटच्या अध्यक्षा जयती मूर्ती मॅडम आयआयटी कानपूरच्या मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, आपल्यासारख्याच शिकायला इथे आलेल्या, आणि यूजीनला कार्ल शोल्झ सर आहेत. दोघांनाही इंग्रजीत लिहायचं, अर्थातच. पण आधी आपल्यात काय मागायचं ते ठरलं पाहिजे, नाहीतर एक म्हणतो हे एक म्हणतो ते आणि कुणी लक्ष देत नाही.

मला वाटतं मागणी सरळ असावी. ॲपल कपसारखा निदान पाच वर्षांचा लेखी करार, दरवर्षी एक मॅच, एक वर्ष कॉर्व्हालिस एक वर्ष यूजीन. पोर्टलंडला किंवा सिएटलला मोठ्या स्टेडियममध्ये नेऊया असं कुणी म्हटलं तर त्याला ठाम नाही म्हणायचं, कारण कॉर्व्हालिस साठ हजारांचं गाव आहे, त्या एका शनिवारी तिथल्या हॉटेलांचा, छोट्या रेस्टॉरंटवाल्यांचा, सगळ्यांचा जो धंदा होतो तो दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नाही. आणि स्टुडंट तिकिटं. दुसऱ्या गावातल्या विद्यार्थ्यांसाठी ठराविक जागा राखून ठेवा, बस सोडा, पोरं येतील.

तारखेबद्दल मात्र आपण बीव्हर्सनी समजूतदारपणा दाखवला पाहिजे. आपल्याला ती मॅच थँक्सगिव्हिंगच्या वेळची आवडते, थंडी, पाऊस, अंगावर तीन कपडे, हातात गरम चहाचा थर्मास. पण तो आठवडा आता डक्स आणि वॉशिंग्टनचा झालाय, तो मिळणार नाही. गेल्या दोन मॅच १४ सप्टेंबर आणि २० सप्टेंबरला झाल्या, आणि त्यात खरी अडचण अशी की दोन्हीकडे क्वार्टर सिस्टिम, म्हणजे तिमाही सत्रं, क्लास सुरू होतात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पोरं कॅम्पसवर पूर्ण आलेलीच नसतात तेव्हा मॅच होऊन जाते. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार मागूया. नाहीच जमलं तर मिळेल तो शनिवार घेऊया, अगदी सीझनची पहिली मॅच म्हणून घेऊया, मला तर ते पण आवडेल, सगळा ऑगस्ट त्याच एका मॅचबद्दल बोलण्यात जाईल. गणपतीच्या कार्यक्रमाशी तारीख आदळली तर आपण कार्यक्रम रविवारी घेऊ, हे मी समितीतल्या लोकांशी बोलूनच लिहितोय.

डक्सवाल्या मित्रांनो, तुम्ही लिहिलेलं जास्त महत्त्वाचं आहे. आम्ही लिहिलं तर ते म्हणणार, हरणाऱ्यांना मोठ्या टीमचं तिकीट आणि टीव्ही पाहिजे म्हणून लिहितायत. तुम्ही, सीझन तिकीट घेणारे, ऑट्झनमध्ये दर वर्षी पैसे भरणारे, तुम्ही म्हणालात की आम्हाला ८१-७ वाली मॅच नको, शेजाऱ्यांशी मॅच हवी, तर ते ऐकावं लागतं. तिकिटाच्या रिन्यूअलच्या वेळी जो फॉर्म येतो त्यात पण लिहा. अ‍ॅल्युमनाय असोसिएशनचा फोन आला देणगीसाठी, तर त्या पोराला प्रेमाने सांगा, तो फक्त त्याचं काम करतोय, पण सांगा.

आणि कॉर्व्हालिसवाल्यांनो, आपण आपल्या बाजूचं काम करूया. या सीझनला स्टेडियम भरलं पाहिजे. गेल्या वर्षी कितीतरी शनिवारी माझ्या रांगेत अर्ध्या सीट रिकाम्या होत्या. नवीन कोच, नवीन कॉन्फरन्स, समोरच्या टीमची नावं ओळखीची नाहीत, तरी जायचं. फ्रेस्नोवाले आले तर त्यांना पण टेलगेटला बोलवा, त्यांच्यात पंजाबी खूप आहेत, मजा येईल. रिकाम्या स्टेडियमकडे बोट दाखवून कुणी म्हणायला नको की यांनाच पडलेली नाही तर आम्ही कशाला यायचं.

पहिल्या होम मॅचला आम्ही नेहमीच्या पार्किंगमध्येच असू, किकऑफच्या तीन तास आधीपासून. मेलचा मसुदा मी छापून आणतोय, दोन्ही युनिव्हर्सिटींसाठी वेगवेगळा. तुम्ही फक्त त्यात तुमचं नाव, कुठल्या वर्षी पास झालात, कुठल्या गावात राहता आणि शेवटची कुठली मॅच एकत्र बघितली ते स्वतःच्या शब्दात लिहा, कारण शंभर सारख्या मेल आल्या की कुणी वाचत नाही. हिरवे टीशर्ट घालून आलात तरी चालेल, वडापाव सगळ्यांना मिळेल.

आपला,
एक मराठी बीव्हर, हिल्सबरो